ब्लॅक पाँड, न्यू हॅम्पशायर: तळ्याच्या पुढे झाडीतून लिंकन ब्रूक ट्रेलला कसं निघायचं?

कातळकडा:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या व्हाइट माउंटन्समध्ये एका दिवसाचा बेत आहे. लिंकन वुड्सवरून ब्लॅक पाँड, तिथून उत्तरेला वाट नसलेल्या जंगलातून लिंकन ब्रूक ट्रेल, मग फ्रँकोनिया ब्रूक ट्रेलने परत. आम्ही चौघे आहोत, सह्याद्रीत आडवाटा केलेल्या. जंगलाच्या टप्प्याला किती वेळ धरायचा? फोनवरचा नकाशा पुरेल का? आणि फेरी उलटी केली तर काही फायदा?

रानवाट:
आधी अंतरं. लिंकन वुड्स ट्रेलने २.६ मैल, मग डावीकडे ब्लॅक पाँड ट्रेल ०.८ मैल. पहिला टप्पा लाकूडतोडीच्या जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, सपाट आहे. रेल्वे १९४८ मध्ये बंद झाली, पण काही स्लीपर अजून जमिनीत आहेत आणि ओले असले की सपशेल पाडतात. तळ्यापर्यंत दोन तास खूप झाले.

पुढचं जंगल साधारण एक मैल. त्याला दीड तास धरा, चुकलात तर दोन. आउल्स हेड या शिखराला जाणारे लोक ओढे टाळायला इथूनच घुसतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मळलेली पुसट वाट आहे. ऑक्टोबरात मात्र ती पानांखाली जाते आणि प्रत्येक मोकळी जागा वाटच वाटते. मूसच्या (इथलं थोराड हरीण) वाटांच्या नादी लागू नका. आपल्याकडची ढोरवाट निदान वाडीला तरी नेते, मूसची दलदलीत नेऊन सोडते.

पायात अडकणारं झुडूप म्हणजे हॉबलबुश. फांद्या वाकून टोकाला पुन्हा मुळं धरतात, त्यामुळे जमिनीलगत फासे तयार होतात. पाय ओढत चालू नका, उचलून टाका. स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडं) दाटीत सुक्या काटक्या थेट डोळ्यांच्या उंचीला येतात. चष्मा नसेल तर साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावा, आणि दोघांत दहा फुटांचं अंतर ठेवा, म्हणजे पुढच्याने सोडलेली फांदी मागच्याच्या तोंडावर बसत नाही.

उत्तरध्रुव:
फोन न्या, ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, रेंज मिळेल असं धरू नका. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात. पण दिशा होकायंत्रावरच धरा.

सह्याद्रीत शिकलेले लोक इथे हमखास चुकतात, कारण महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच. या भागात सुई सुमारे १४ अंश पश्चिमेला झुकते. नकाशावरून काढलेल्या कोनात १४ मिळवा, मग चाला. विसरलात तर मैलभरात पाव मैल डावीकडे सरकलेले असता. भारतातून आणलेलं होकायंत्र असेल तर आधी सपाट धरून बघा. इथे चुंबकीय रेषा जमिनीत जास्त तिरक्या शिरतात, सुईचं टोक खाली दबून तळाला घासतं आणि ती अडकते. इथलंच एक विकत घ्या.

चालताना सुईकडे बघत राहू नका. दिशेतलं तीस-चाळीस फुटांवरचं एक झाड निवडा, तिथे पोहोचा, पुढचं निवडा. ट्रेल लागला की उजवीकडे. तो लक्षात न येता ओलांडलात तर पुढे लिंकन ब्रूक या ओढ्याचं पाणी लागेल. ते ओलांडायचं नाही, मागे फिरून ट्रेल शोधायचा.

घोंगडीवाला:
फेरी उलटी करायच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. तळ्याकडून निघालात तर समोर ट्रेल आडवा आहे, म्हणजे चुकणं अवघड. उलट आलात तर छोटंसं तळं झाडीत शोधायचं, ते बाजूने निसटू शकतं. म्हणून तळं आधी.

पण मग लिंकन ब्रूक आणि फ्रँकोनिया ब्रूक हे दोन्ही ओढे शेवटी येतात, आणि दोन्हींवर पूल नाही. आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी मांडीपर्यंत येतं. तेव्हा दमलेल्या पायांनी पुन्हा झाडीतून तळ्यावर यावं लागेल. त्यामुळे पावसानंतर ही फेरी करूच नका, तळं बघून आल्या वाटेने परत या.

कातळकडा:
म्हणजे जंगलात घुसायची शेवटची वेळ किती धरू?

घोंगडीवाला:
त्या आठवड्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दरीत अंधार त्याआधी. पूर्ण फेरी १० ते ११ मैलांची. सकाळी आठला निघा आणि साडेअकरापर्यंत तळं सोडा. त्यापुढे उशीर झाला तर जंगल रद्द. ओढ्यात गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरू नका. उतरताना बूट पायातच ठेवा, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे.

रानवाट:
थोडं राहिलं. सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत. प्रत्येकाकडे हेडलॅम्प हवा. पिण्याचं पाणी वाहत्या ओढ्यातून गाळून घ्या, तळ्याचा काठ चिखलाचा आहे आणि फिल्टर तुंबतो. झाडांना फिती बांधू नका, हा वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखलेलं रान आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. त्यासाठी माणशी २५ डॉलरचं हाइक सेफ कार्ड घेऊन ठेवा. आणि गाडी लवकर लावा, पानांच्या रंगाच्या दिवसांत लिंकन वुड्सचा पार्किंग लॉट सकाळीच भरतो.