युनियनचा फॉर्म भरला म्हणून दोघांना काढलं, नवीन कायद्यात काही आधार आहे का?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे, ९ वर्षं झाली. दोन्ही पाळ्या मिळून ६० माणसं आहोत पण मस्टरवर (हजेरीपटावर) नावं फक्त २२, बाकीच्यांची पगारी आठवड्याला रोख हातात, पीएफ नाही काही नाही. मागच्या महिन्यात आम्ही ठरवलं की युनियन करायची. दोघांनी फॉर्म फिरवायला घेतला, टॉवेलच्या घडीत कागद ठेवायचा आणि चहाच्या सुट्टीत एकेकाची सही घ्यायची, १९ सह्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शेटने दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. लेखी काहीच नाही. त्यातला एक १४ वर्षांपासून जेकार्डवर (नक्षीच्या मागावर) आहे, घरी दोन पोरी शिकतात. आता बाकीचे घाबरलेत, सही खोडून द्या म्हणतायत. मोबाईलवर वाचलं की कामगारांचे नवीन कायदे आले, युनियनला हक्क मिळाला वगैरे, तर खरंच काही उपयोग आहे का? जाणकारांनी सांगा, मनापासून विचारतोय.

जुन्या_गिरणीतला
बाळा, आधी त्या दोघांच्या घरी जाऊन या सगळे मिळून. कायदा नंतर. मी गिरणीत ३१ वर्षं काढली, साच्यावर म्हणजे मागावर होतो. माणूस एकटा पडला की युनियन तिथंच मोडते, हे डोळ्यांनी बघितलंय. आमच्या वेळीपण फॉर्म फिरवणाऱ्याला पहिल्यांदा दुसऱ्या खात्यात टाकायचे, मग गैरहजेरी लावायचे, मग घरी.
आणि घाबरू नका रे. ज्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाता, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले, त्यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांच्या युनियनचंच काम करायचे. युनियन करणं ही या गावात काही नवीन किंवा चोरून करायची गोष्ट नाही.

लेबरकेस
मी कामगारांच्या केसेस घेणाऱ्या वकिलांकडे काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.
औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डरचा (नोकरीच्या अटींचा) आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असे तिन्ही गुंडाळले. नोंदणीला १० टक्के किंवा १०० कामगार यातलं जे कमी ते, पण ७ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे तुमच्या ६० जणांत ७ सह्या पुरतात. युनियनमध्ये जाशील तर काढून टाकीन अशी धमकी देणं हे अनुचित प्रथेत, म्हणजे कायद्याने मनाई केलेल्या वागण्यात येतं, मालकाने स्वतःची युनियन उभी करणंसुद्धा, आणि दंड १० हजार ते २ लाख आहे.
आता खरी गोम सांगतो. कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असल्या तर मालकाशी एकटीने बोलणी करायचा हक्क ज्या युनियनकडे मस्टरवरचे ५१ टक्के कामगार आहेत तिला. मस्टरवरचे!! तुमचे २२ च आहेत आणि ते बहुतेक शेटच्या जवळचे असणार. त्याने उद्या त्यांची एक युनियन काढून दिली की तुमचे ३८ जण मोजणीतच नाहीत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद लागायचे तेपण मागचे सहा महिने, तो उंबरठा आता वर गेलाय.
आणि दुसरं, फॉर्म भरण्यापासून नोंदणी होईपर्यंतचे जे दिवस असतात ना, मालक तेव्हाच घाव घालतो. काढलेला माणूस समेट अधिकाऱ्याकडे (तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करणार, ४५ दिवस थांबणार, मग ट्रिब्युनलला (औद्योगिक न्यायाधिकरणात) जाणार, तोपर्यंत घरात चूल कशी पेटवायची? माझं म्हणणं आहे की अर्ज दिल्या दिवसापासून निकालापर्यंत कोणालाही काढता येणार नाही आणि काढलंच तर आधी कामावर परत घ्या, भांडण नंतर, असं कलम घालायला पाहिजे. संघटना करायचा हक्क घटनेच्या १९(१)(ग) मध्ये आहे पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ नंबरचे करार, जे नेमके याच विषयावर आहेत, ते भारताने अजून मान्य केलेले नाहीत.

छोटा_कारखानदार
माझे १६ लूम आहेत, ११ माणसं, पूर्व भागात. राग येईल पण बोलतो. सुताचा भाव आठवड्यात वर खाली होतो, ऑर्डर कमी झाली तरी मी माणसं बसवून पगारी दिलीय. युनियन म्हटलं की भीती वाटते कारण बाहेरचा पुढारी येतो आणि आमच्या माणसांशी आमचं बोलणंच बंद होतं. पण १४ वर्षांच्या माणसाला असं तोंडी काढणं चुकीचं आहे, ते मी कधीच केलं नसतं.

विडीवालीची_लेक
@छोटा_कारखानदार दादा, बाहेरचा पुढारी का येतो तेपण बघा, कारण आतल्याने तोंड उघडलं की त्याला काढतात! माझी आई ४० वर्षं विड्या वळते, घरी बसून. कंपनीच्या ब्रँचला हजार विड्या घेऊन गेली की छाट (खराब म्हणून बाजूला टाकलेल्या विड्या) किती काढायची ते समोरचा ठरवणार आणि एकट्या बाईने विचारलं तर दुसऱ्या दिवशी विडीचं पान कमी द्यायचा. सगळ्या बायका मिळून उभ्या राहिल्या तेव्हा छाट कमी झाली, मी लहान होते पण आई संध्याकाळी हसत घरी आली ते आठवतंय मला. सोलापूरजवळ कुंभारीला १० हजार घरं उभी राहिली विडी कामगार बायकांची, ती एकेकटीने मागून मिळाली असती का. घरी बसून काम करणाऱ्या बाईला, रोखीने पगारी घेणाऱ्याला पण कायद्याने कामगार म्हणून मोजलंच पाहिजे, नाहीतर ५१ टक्के कशाचे?

लेबरकेस
ताईंचा मुद्दा बरोबर आहे, नोंदणीपुरती कामगाराची व्याख्या असंघटितांना पण धरते, अडचण बोलणीच्या वेळी येते. @टॉवेलवाला_सोलापूर, आधी नेमणूक पत्र मागा. १० आणि त्यावर कामगार असलेल्या ठिकाणी आता प्रत्येकाला ते देणं बंधनकारक आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी लेखी मागा, पोच घ्या. काढलेल्या दोघांचा जुना पुरावा पण शोधा, गेटपास, ॲडव्हान्सची चिठ्ठी, फोनवर आलेला पाळीचा मेसेज, काहीही चालेल.

टॉवेलवाला_सोलापूर
काका, काल आम्ही आठ जण दोघांच्याही घरी गेलो होतो. जेकार्डवाल्याने पेटीतून उचलीच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या, २०१३ पासूनच्या, रबर लावून ठेवलेल्या, प्रत्येकीवर शेटची सही आहे. सही खोडा म्हणणारे दोघं तिथं बसल्या बसल्या परत तयार झाले. आणि कांडी (सुताची रिळं) भरणाऱ्या चार बायका पण येतो म्हणाल्या, त्यांचं नाव तर कुठंच नाही. त्यातल्या दोघींना सही येत नाही, फॉर्मवर अंगठा चालतो का?