४×५ च्या जुन्या स्लाइड: काही टवटवीत, काही लालबुंद. असं का?

अंधारखोली
स्कॅन करण्यासाठी ४×५ इंची रंगीत स्लाइडच्या १८ शीट आल्या आहेत. सगळ्या १९४० ते १९६० या काळात अमेरिकेत काढलेल्या आणि इतकी वर्षं एकाच डब्यात ठेवलेल्या. सात शीट लाइट बॉक्सवर ठेवल्या की कालच धुऊन आणल्यासारख्या दिसतात: आकाश निळं, त्वचेचा रंग जिथल्या तिथे. उरलेल्या अकरा गुलाबी-लाल पडल्यात, सावल्या विटकरी दिसतात. एका शीटला आंबूस वास येतो.
डबा एकच, हवा एकच, मग इतका फरक कशाने पडला? आणि स्कॅन कसं करावं? एप्सन व्ही८५० (फ्लॅटबेड स्कॅनर) आहे, शिवाय २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सही आहे.

रंगद्रव्य
सात शीट बहुतेक कोडाक्रोम, अकरा सुरुवातीच्या एक्टाक्रोम; दोन्ही कोडॅकच्याच स्लाइड फिल्म. फरक डब्याचा नाही, रंग कुठून आला याचा आहे.

कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग तयार करणारा कपलर मुळात नसतोच. ती तीन थरांची कृष्णधवल फिल्म. कपलर असतो धुण्याच्या द्रावणात. आधी कृष्णधवल डेव्हलपिंग, मग पाठीमागून लाल प्रकाश देऊन तळच्या थरात सायन (हिरवट निळा), पुढून निळा प्रकाश देऊन वरच्या थरात पिवळा आणि शेवटी मधल्या थरात मॅजेंटा (गडद गुलाबी). काम झालं की कपलर पाण्याबरोबर निघून जातो. फिल्ममध्ये उरतो फक्त रंग, तोही अंधारात चांगला टिकणारा. ही पद्धत १९३८ ची. त्याआधीच्या तीन वर्षांतले कोडाक्रोम बरेच फिकटले आहेत. शीट फिल्म आली तीही १९३८ मध्येच, त्यामुळे मोठ्या आकाराला सुधारलेलं रसायन अगदी सुरुवातीपासून मिळालं. हा योग नसता तर आज आपण वेगळंच बोलत असतो.

एक्टाक्रोम १९४६ चं. त्यात कपलर इमल्शनमध्येच (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी लेपात) असतो, म्हणून छायाचित्रकाराला ती स्वतः धुता येई. सोय मोठी होती, पण ई-१ ते ई-३ या धुण्याच्या पद्धतींतले रंग कच्चे होते. सायन सगळ्यांत आधी उडतो आणि मागे लाली उरते. न वापरलेला कपलर फिल्ममध्येच राहतो, त्याचा पिवळट डागही चढतो.

ओळखायचं कसं? आधी काळ्या कडेवरची अक्षरं वाचा. मग शीट उभी धरा, कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्याकडे असतं. आता टेबललॅम्पखाली शीट तिरकी करा. कोडाक्रोम असेल तर गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर चक्क उठाव दिसतो, तांब्याच्या ठशावर दिसावा तसा. एक्टाक्रोमचा पृष्ठभाग बराच सपाट दिसतो.

एक सांभाळा. कोडाक्रोम अंधारात टिकतो, पण प्रखर उजेडात एक्टाक्रोमपेक्षा लवकर उडतो. लाइट बॉक्सवर शीट ठेवून चहाला जाऊ नका.

शीटहोल्डर
टवटवीत शीट बघताना नेमकं काय बघायचं तेही सांगतो. ४×५ चं चित्र साधारण ९४×१२० मिमी, म्हणजे ३५ मिमीच्या तेरापट क्षेत्रफळ. स्लाइड न मोठी करता, नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. वर ४× लूप (छोटं भिंग) ठेवली की ग्रेन (फिल्मचे कण) दिसायच्या आधी कापडाची वीण दिसते.

या आकाराचं खरं वैभव बघायचं असेल तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन आणि ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या अमेरिकी सरकारी खात्यांचा रंगीत संग्रह उघडा. सुमारे १,६०० चित्रं, १९३९ ते १९४४ मधली. कारखान्यांतली बरीचशी ४×५ कोडाक्रोमवर. मोठ्या टिफ फाइल मोफत उतरवता येतात. छायाचित्रकार आल्फ्रेड पामरचं ऑक्टोबर १९४२ चं लाँग बीचच्या डग्लस कारखान्यातलं चित्र घ्या: ए-२० बाँबर विमानांची पारदर्शक नाकं रांगेत मांडलेली, प्रत्येकाच्या गोलाव्यावर छताच्या दिव्यांची रेष. शंभर टक्क्यांवर नेलं तरी त्या रेषा सुटत नाहीत. त्याचंच फेब्रुवारी १९४३ चं नॅशव्हिलचं चित्रही बघा, ‘व्हेंजन्स’ बाँबर विमानावर ड्रिल चालवणारी कामगार. याच जातीची विमानं आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडवली.

ही चित्रं अशी का दिसतात, त्याचं उत्तर फिल्मच्या वेगात (ती प्रकाशाला किती संवेदनशील, त्या एएसए आकड्यात) आहे. डेलाइट शीटचा वेग ८, टंगस्टनची (दिव्याच्या उजेडासाठीची) टाइप बी १०. म्हणजे लख्ख उन्हात एफ/१६ ला १/८ सेकंद, एफ/८ ला १/३०. कारखान्याच्या आत दिवे लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि माणसाला स्थिर उभं करावं लागे. म्हणून ती चित्रं रचलेली वाटतात. रचलेलीच आहेत! त्यात स्लाइडला चूक चालत नाही. अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त पडला की उजळ भाग कोरा, अर्धा कमी पडला की सावली बुजते. जवळच्या चित्राला बेलोजचा (लेन्स आणि फिल्ममधल्या भात्याचा) हिशेबही ठेवावा लागे: १५० मिमीची लेन्स २१० मिमीपर्यंत ताणली की (२१०÷१५०)², म्हणजे जवळपास दुप्पट प्रकाश, पूर्ण एक स्टॉप.

अंधारखोली
उठाव स्पष्ट दिसला, सात कोडाक्रोमच. पण स्कॅनरवर दोन करून बघितल्या, सावल्या निळ्या येतात आणि आयसीई (स्कॅनरची धूळ पुसणारी सोय) चालू केल्यावर बारीक रेषा पुसल्या जातात.

मॅक्रोस्टँड
दोन्ही दोष कोडाक्रोमचे नेहमीचेच. आयसीई इन्फ्रारेडने धूळ शोधतं, आणि कोडाक्रोमचा सायन इन्फ्रारेड अडवतो. त्यामुळे चित्राचाच भाग धूळ समजून पुसला जातो. बंद ठेवा, धूळ हाताने काढा. निळेपणा येतो तो एक्टाक्रोमच्या आयटी८ टार्गेटवरून (रंगांच्या नमुना-तक्त्यावरून) बनवलेलं स्कॅनरचं रंग-प्रोफाइल कोडाक्रोमला लावल्यामुळे. दोघांची रंगद्रव्यं वेगळी. कोडाक्रोमचं टार्गेट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर लाइट बॉक्सवरची मूळ शीट शेजारी ठेवून सावल्यांतला निळा कर्व्हने खाली आणा.

व्ही८५० वर २,४०० पीपीआय (इंचाला तितके पिक्सेल) पुरे, पुढे फाइल फुगते आणि तपशील वाढत नाही. १६ बिटला एक शीट ६०० एमबीच्या आसपास जाते.

माझी पसंती मात्र कॅमेऱ्याला. कोडाक्रोमची गडद सावली फ्लॅटबेडला नीट भेदता येत नाही. १:२ मोठेपणावर एका फ्रेममध्ये ७२×४८ मिमी मावतं. दोन रांगा, प्रत्येकी तीन फ्रेम, तिसरा हिस्सा एकमेकांवर चढलेला. अशा सहा फ्रेम जोडल्या की ७५ मेगापिक्सेलच्या पुढे जाता. प्रत्येक जागी दोन एक्स्पोजर घ्या, एक साधं आणि एक सावलीसाठी दोन स्टॉप जास्त. इमल्शन लेन्सकडे ठेवा, चित्र उलटं येईल ते नंतर फिरवा. लाइट पॅनल सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९५ च्या वरचं हवं. शीटभोवतीचा सगळा उजेड काळ्या कार्डाने झाका. हे टाळलं की बाजूचा उजेड लेन्समध्ये पसरतो, सावल्या राखाडी होतात, आणि दोष फिल्मच्या माथी जातो.

लाल पडलेल्या शीटमध्ये सायन उडालाय, म्हणजे लाल चॅनेलचा हिस्टोग्राम उजवीकडे गोळा झालेला दिसेल. आधी तिन्ही चॅनेलचे काळे-पांढरे बिंदू वेगवेगळे लावा, मग लाल चॅनेलचा मधला भाग, सॅच्युरेशन अगदी शेवटी. ८ बिट फाइलवर हे केलं की आकाशात पट्टे पडतात.

कोरडी हवा
आंबूस वासाची शीट आजच वेगळी काढा. ॲसिटेटचा बेस (फिल्मचा प्लास्टिकचा पाया) सडतोय, त्यातून निघणारं ॲसिटिक ॲसिड शेजारच्या शीटनाही लागतं. बंद पिशवीत ए-डी स्ट्रिपबरोबर (ॲसिड ओळखणाऱ्या रंगपट्टीबरोबर) २४ तास ठेवा. पट्टी निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सड चालू आहे, पिवळी झाली तर फार उशीर होतोय. पट्टीवरच्या १.५ पातळीच्या पुढे ही सड स्वतःच स्वतःला वेग देते, म्हणून स्कॅन करताना पहिला नंबर याच शीटचा. नंतर ती ॲसिड-फ्री कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये वायू कोंडतो.

बाकीच्यांना पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्ह. पीव्हीसी अजिबात नको. मुंबई-कोकणच्या हवेत ड्राय कॅबिनेट ४० टक्क्यांवर लावा. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते. फ्रीझरमध्ये ठेवायच्या असतील तर दोन झिप पिशव्या, आणि बाहेर काढल्यावर रात्रभर उघडायच्या नाहीत, नाहीतर शीटवर दव धरतं.

साफ करताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. बुरशीचा डाग दिसला तर पाण्याचा हात लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि डागाबरोबर चित्रही निघून येतं. तिथे फिल्म क्लीनरच वापरा, आणि तोही आधी काळ्या कडेवर लावून बघा.