कार्ल फोर्स्टर गवताला मधोमध टक्कल पडलंय, आत्ता कापू की थांबू?

स्नेहल_मिनेसोटा
नमस्कार मंडळी. मिनियापोलिसच्या एका उपनगरात आम्ही यंदा घर घेतलं. ड्राइव्हवेच्या कडेला आधीच्या मालकांनी उंच गवताची रांग लावलेली आहे. नर्सरीतल्या माणसाने फोटो बघून 'कार्ल फोर्स्टर' असं सांगितलं. जूनमध्ये जांभळट तुरे आले, आता ऑक्टोबरात सगळं गव्हाळ झालंय. मला फार आवडतं. पण दोन ठोंब मधोमध वाळलेत, जिवंत कांड्या फक्त कडेने. शेजारचे आजोबा म्हणतात, थंडीआधी जमिनीलगत छाटून टाक. नवरा म्हणतो, उपट आणि दगड टाक. थंडीत ड्राइव्हवेवर मीठ टाकतात, त्याने झालं असेल का? माती चिकण आहे.

पाचटवाला
ताई, आधी दगडांची ऑर्डर थांबवा.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, ऊसवाल्या घरातला, हल्ली सेंट पॉलला असतो. ऊस काय आणि हे काय, दोन्ही गवतंच. मधला भाग जुना होऊन मरतो आणि नवे फुटवे बाहेरच्या अंगाला येतात. तुमच्याकडे तेच झालंय, रोग नाही. मिठाने झालं असतं तर रस्त्याकडच्या बाजूची पानं टोकापासून करपली असती, मधोमध टक्कल पडलं नसतं. तसं हे गवत मीठ बऱ्यापैकी सोसतं. चिकण मातीचीही त्याला तक्रार नाही.

आत्ता कापू नका. उभ्या काड्यांत बर्फ अडकतो आणि गड्ड्याला पांघरूण मिळतं. आणि इथल्या सहा महिन्यांच्या पांढऱ्या अंगणात बघायला दुसरं आहे तरी काय!

बर्फ गेला की मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत कापायचं. हे थंडीतलं गवत आहे, लॉनच्याही आधी जागं होतं. उशीर केलात तर जुन्या काड्यांबरोबर नवे हिरवे शेंडेही उडतात आणि वर्षभर टोकं बोथट दिसतात. कापायच्या आधी ठोंबाला कमरेशी सुतळीने घट्ट आवळा, मग खालून चार ते सहा इंच ठेवून हेज ट्रिमर फिरवा. अख्खी पेंढी हातात येते, अंगणभर पाचट होत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेतच, पानाच्या कडा कापतात.

टकले ठोंब त्याच वेळी फोडायचे. कुदळीने सगळा गड्डा उचला. मुळं अशी गच्च असतात की फावड्याने भागत नाही, जुनी करवत किंवा कुऱ्हाड घ्या. मधला वाळका भाग कंपोस्टमध्ये टाका आणि कडेचे मुठीपेक्षा मोठे तुकडे दोन-अडीच फुटांवर लावा. आधी जेवढे खोल होते तेवढेच, खोल गाडलेत तर कुजतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी पुरे. लॉनचं खत चुकूनही नको, नत्र जास्त झालं की लोळतं.

बी पडून पसरेल ही भीती नाही, हा संकर वांझ आहे. 2001 साली पेरेनियल प्लांट असोसिएशनने याला 'वर्षातलं झाड' ठरवलं होतं. हल्ली ते प्रत्येक बँकेच्या पार्किंगमध्ये दिसतं, म्हणून काही बागवाले नाकं मुरडतात. मुरडू देत. उणे 30 सेल्सियस सोसून जूनमध्ये पाच फुटी तुरा काढणारं दुसरं काय आहे?

कॅलगरीकर
पाचटवाले दादांशी नव्वद टक्के सहमत. पण स्नोब्लोअरचा (बर्फ उडवून बाजूला फेकणाऱ्या यंत्राचा) बर्फ थेट ज्यांच्या अंगावर पडतो, ते ठोंब मी थंडीआधीच कापतो. नाहीतर काड्या मोडतात आणि वारा त्या शेजाऱ्याच्या लॉनवर नेतो. मुरलेला ठोंब त्याने मरत नाही, शोभा तेवढी जाते. आमच्याकडे उंदरासारखे व्होल उभ्या गवतात घर करतात, तेही बघा. आणि उन्हाळ्यात पानांवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. वरून पाणी मारणं बंद करा, ठोंबांत हवा खेळू द्या.

स्नेहल_मिनेसोटा
खूप आभार दोघांचेही! ड्राइव्हवेला अगदी चिकटलेले कापते, बाकीचे ठेवते. नवऱ्याला कुऱ्हाडीचं सांगितलं तर त्याची कळी खुलली, दगड विसरला. आजोबांना काय सांगू?

पाचटवाला
एप्रिलमध्ये फोडलेला एक तुकडा नेऊन द्या.

कोथरूडची_काकू
मी आपली कोपऱ्यात बसून वाचत होते. फोटो बघून हाव सुटली. पुण्यात जगेल का हो हे?

पाचटवाला
काकू, नका त्या फंदात पडू. याला थंड हवामान मानवतं. आपल्याकडच्या उकाड्यात आणि पावसाळी दमटपणात तांबेऱ्याने बेजार होईल. उंच ठोंबच हवा असेल तर वाळा लावा. मुळं खोल जातात, उताराची माती धरून ठेवतात, आणि उन्हाळ्यात माठात टाकायला घरचा वाळा मिळेल.

कोथरूडची_काकू
वाळा आहे की गच्चीवर, ड्रममध्ये! तुरे मात्र कधी आले नाहीत. असो, तो ड्रम तेवढा कसा फोडायचा ते सांगा, मुळांनी तडकायला आलाय.