दोन अणुपाणबुड्या की माझगावात आणखी डिझेल?

गिरगावकर
२०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने दोन अणुपाणबुड्यांना मंजुरी दिली. अरिहंतसारख्या क्षेपणास्त्रवाल्या नव्हेत, शत्रूची जहाजं हुडकून मारणाऱ्या. खर्च बातम्यांनुसार ४० हजार कोटींच्या घरात, आणि पहिली येणार २०३६-३७ ला. इकडे माझगाव डॉकने कलवरी जातीच्या सहा डिझेल पाणबुड्या बांधून दिल्या, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये दाखलही झाली. माझं म्हणणं, हे पैसे डिझेल पाणबुड्यांवर लावा. १९७१ मध्ये दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली ती पाकिस्तानच्या हंगोर या डिझेल पाणबुडीकडूनच. बॅटरीवर असली की ती चिडीचूप असते. अणुपाणबुडीत भट्टी थंड ठेवायची यंत्रणा सतत चालूच.

खारा वारा
असहमत. खुकरी तर हंगोरच्या शोधातच निघाली होती, सावज दारात आलं. पण सावज लांब पळत असेल तर? बॅटरीवर पूर्ण वेग दिला तर तास-दोन तासांत बॅटरी बसते. मग नळी वर काढून इंजिन चालवा, म्हणजे आवाज आला आणि रडारवर दिसणंही आलं. १९८२ च्या युद्धात ब्रिटनची काँकरर ही अणुपाणबुडी फॉकलंडजवळ अर्जेंटिनाच्या बेलग्रानो या युद्धनौकेच्या मागावर दिवसभराहून जास्त राहिली आणि मग पाणतीर सोडले. डिझेलने करून दाखवावं.

तिरकस
बेलग्रानो म्हणजे अमेरिकेकडून घेतलेली १९३८ ची जुनी क्रूझर हो, म्हातारी! त्याच युद्धात अर्जेंटिनाची सान लुईस ही डिझेल पाणबुडी ब्रिटिशांना शेवटपर्यंत सापडली नाही, तेही सांगा की.

खारा वारा
सांगतो. तिचा एकही पाणतीर धड लागला नाही. उलट बेलग्रानो बुडाल्यावर अर्जेंटिनाचं आरमार, विमानवाहू जहाजासकट, किनाऱ्याला जाऊन बसलं ते बसलंच.

माझगावचा जावई
सासरे गोदीत वेल्डर होते. पाणबुडीच्या सांध्याचा एक्स-रे निघतो. फिल्मवर बारीकसा डाग दिसला की तेवढं वेल्डिंग कोरून काढा, पुन्हा भरा, पुन्हा फिल्म. शाल्की आणि शंकुल या जर्मन आराखड्याच्या डिझेल पाणबुड्या इथेच बांधल्या, १९९२ आणि १९९४ मध्ये दाखल झाल्या. पुढचा करार थेट २००५ ला, स्कॉर्पीनचा, म्हणजे याच कलवरींचा. तोवर जर्मन तंत्र शिकलेली माणसं कुठल्या कुठे पांगली होती. असा खंड पुन्हा पाडायचा का? डिझेलची ऑर्डर थांबली तर नुकसान नौदलाचंच आहे, नुसतं गोदीचं नाही.

खारा वारा
मुद्दा मान्य, पण नौदल म्हणजे रोजगार हमी योजना नव्हे. शिवाय अरिहंतच्या भट्टीमागे आपलं तुर्भ्याचं भाभा केंद्रच आहे, त्यामुळे अणुपाणबुड्या विशाखापट्टणमला बांधतात, सगळं तिकडे गेलं म्हणून गळा काढू नका.

दर्याकाठ
दोघेही एक हिशेब विसरताय. रशियाकडून भाड्याने घेतलेली चक्रा ही अणुपाणबुडी २०२१ ला परत गेली, त्यानंतर या शिकारी जातीची एकही नाही. आणि दोन आल्या तरी एक बऱ्याचदा दुरुस्तीत असणार. अमेरिकेसारख्या अमेरिकेची बॉइसी ही अणुपाणबुडी दुरुस्तीची पाळी येईपर्यंत वर्षानुवर्षं धक्क्याला पडून होती. नौदलाची योजना सहांची आहे, मंजुरी दोनांना. उरलेल्या चार कधी येणार ते आधी बोला, मग डिझेलशी तुलना करू.

गिरगावकर
चारांचे पैसे कुठून आणणार, तेही त्यातच बोला.