विन ९४.६, गो ९२.५... मुंबईच्या पहिल्या खाजगी एफएमच्या आठवणी

माळ्यावरची_पेटी:
काल माळा आवरताना बाबांच्या अक्षरातली एक कॅसेट सापडली. लेबलवर फक्त 'विन ९४.६, रविवार'. हातातलं सगळं तसंच राहिलं.

२००२ मध्ये मुंबईत पाठोपाठ पाच खाजगी स्टेशनं आली: ९१ वर सिटी, ९२.५ गो, ९३.५ रेड, ९४.६ विन, ९८.३ मिर्ची. तोवर आमच्याकडे विविधभारती आणि आकाशवाणीचं एफएम १०७.१ एवढंच. बाबा रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून बसायचे आणि गाण्यावर आरजे बोलला की चिडायचे. आज मला नेमकं ते बोलणंच हवंय. गाणी कुठेही मिळतात. पण त्या सकाळच्या गप्पा, फोनवर फर्माईश करणारी माणसं, मेकॅनिकपासून सोनारापर्यंतच्या जाहिराती, हे कोणी जपून ठेवलंय का? विन बंद पडलं, गोचं नाव गेलं. त्यांच्याबरोबर आपल्या शहराची काही वर्षं पुसली गेली असं वाटतं. जे आठवेल ते लिहा.

कर्जत_फास्ट:
सकाळचे आरजे जग्गू आणि तराना!!! गो ९२.५! सकाळची लोकल, एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा मैत्रिणीच्या. दोघी एकदम हसायचो आणि समोरच्या काकू बघत राहायच्या. शेवटी काकूंनीच विचारलं, "काय गं, मलाही सांगा की." मग रोज त्यांना सांगायचं काम माझ्याकडे. बदलापूरच्या पुढे खरखर सुरू. आता पोळ्या करते, नंतर लिहिते

हिशेबनीस:
विन का बंद पडलं ते पैशात शोधा. सरकारने खाजगी एफएमसाठी केलेल्या पहिल्या फेरीच्या लिलावात मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीसाठी वर्षाला ९.७५ कोटी परवाना शुल्क, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. जाहिराती मिळोत न मिळोत. म्हणजे पाचव्या वर्षी १७ कोटी फक्त सरकारला! त्यात गाण्यांची रॉयल्टी, ती तासाच्या हिशेबाने. २००५ च्या धोरणात एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के असं ठरलं, तेव्हा कुठे धंद्याला श्वास मिळाला. विनला तिथवर तग धरता आला नाही. चांगलं चाललेलं स्टेशन ऐकणारे कमी म्हणून नव्हे, हिशेब चुकीचा बांधला म्हणून जातं, याचा मला आजही राग येतो.

चाळ_नंबर_चार:
@हिशेबनीस काका, मग गोचं ९४.३ कसं झालं? आमच्या टॅक्सीत स्टेशनचं बटण सेट केलेलं होतं, एके दिवशी तिथे भलतंच काही.

हिशेबनीस:
दुसऱ्या फेरीत स्टेशनं वाढली, तेव्हा दोन स्टेशनांत ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवून फ्रिक्वेन्सी नव्याने लावल्या. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी ओळ बघा. गो ९४.३ वर गेलं आणि रेडिओ वन झालं.

चाळ_नंबर_चार:
अच्छा! वडील टॅक्सी चालवायचे. पॅसेंजर चढला की आधी विचारायचे, "रेडिओ चालेल ना?" आवाज कमी करायला सांगितलं तर मान द्यायचे, पण बंद करत नसत.

भांडुप_पूर्व:
कॉलेजात असताना स्टेशनबाहेर केचिबो कंपनीचे छोटे रेडिओ सेट मिळायचे. इअरफोनची वायरच अँटेना. वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली की आवाज स्वच्छ यायचा, हात काढला की गेला.

सायन_सर्कल:
२६ जुलै २००५. मी कुर्ल्याच्या अलीकडे अडकलेली, पाणी कमरेवर, मोबाइल बंद. एका अनोळखी घरात जिन्यावर आम्ही पंधरा-वीस जण आणि मध्ये बॅटरीवरचा एक रेडिओ. खाजगी एफएमला बातम्या द्यायची परवानगी नव्हती, पण त्या रात्री लोकांचे निरोप वाचून दाखवत होते. अमुक शाळेतली मुलं सुखरूप आहेत, शिक्षक सोबत आहेत. तमुकचे वडील ऑफिसातच थांबलेत. माझ्या घरचा निरोप आला नाही, पण दुसऱ्याचा आला तरी जिन्यावरची सगळी माणसं "बरं झालं बाई" म्हणायची. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पडला हे मला दोन दिवसांनी पेपरात कळलं.

माळ्यावरची_पेटी:
@सायन_सर्कल ताई, अंगावर काटा आला. ज्यांच्या घरात होतात त्यांचा संपर्क राहिला का?

सायन_सर्कल:
हो गं. दरवर्षी दिवाळीला फराळ पाठवते. त्यांच्या चकल्या माझ्याहून खुसखुशीत, रेसिपी मागितलीय.

कर्जत_फास्ट:
चकलीची रेसिपी इथेही टाका ताई 🙏

मराठीच_बोला:
सगळं खरं, पण एक गोष्ट सलते. मुंबईत एफएम, ऐकणारे निम्मे आपण, आणि मराठी गाणं दिवसभरात ऐकू येईना. आंदोलनं झाली तेव्हा कुठे थोडी जागा मिळाली. मी एका स्टेशनला फोन करून भावगीत मागितलं होतं. पलीकडची मुलगी मराठीच होती, हळू आवाजात म्हणाली, "काका, मलाही लावायचंय हो, यादीत नाही." तिचं वाईट वाटलं मला.

टाइम्सवाला:
२००२ पहिलं नव्हे मंडळी. १९९३ पासून आकाशवाणीने एफएमचे तास खाजगी कंपन्यांना विकले होते. टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे. १९९८ ला ते थांबलं. आमची दहावी त्याच्यावर झाली.

विविधभारती_प्रेमी:
आणि जाहिरातींचा रेडिओ त्याच्याही आधीचा. विविधभारतीवर १ नोव्हेंबर १९६७ ला जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. माझी आई रेडिओ सिलोनवाली, बुधवारी रात्री गीतमाला चुकवायची नाही. २०२४ मध्ये गीतमालाचे निवेदक अमीन सायानी गेल्याचं ऐकून तिने टीव्ही बंद केला आणि काही वेळ बोललीच नाही. ऐंशी वर्षांची आहे.

भांडुप_पूर्व:
आईंना नमस्कार सांगा. सिलोन कुठल्या मीटरवर लागायचं, २५ ना?

विविधभारती_प्रेमी:
विचारून सांगतो, आत्ता झोपलीय.