बाटलीत कोणी कालवलं, तर चार वर्षं कोणाची?

वस्तादांचा नातू: परवा तालमीत पुन्हा नरसिंग यादवचा विषय निघाला आणि भांडणच झालं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ ला लास वेगासला कांस्य मारून ७४ किलोची ऑलिंपिकची जागा त्यानेच आणलेली. सुशीलकुमारने निवड चाचणी मागितली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने नाकारली. मग सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड निघालं. 'माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं' म्हणाला. नाडाने, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, १ ऑगस्ट २०१६ ला मोकळं सोडलं, वाडा ही तशीच जागतिक संस्था आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली, आणि १८ तारखेला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षं बंदी. रिओत ७४ किलोला आपलं कोणी उतरलंच नाही.

शिव्या खायची तयारी ठेवून सांगतो, बंदी बरोबर होती. नमुन्यात सापडलं की जबाबदारी मल्लाची, ते पोटात कसं गेलं हे त्यानेच पटवून द्यायचं. हा नियम ढिला केला तर उद्या जो सापडेल तो शेजाऱ्याच्या बाटलीकडे बोट दाखवेल.

लांगमोडी: नातू म्हणवता आणि तालीम बघितली नाही? आम्ही वीसजण एका खोलीत. थंडाई एका पातेल्यात, बदाम घोटायला एकच कुंडी. पोरगं बाटली भिंतीला टेकवून जोर मारायला जातं, परत येऊन तोंडाला लावतं. राखण कोण करणार, त्याची आई? चोरी झाली तर घरमालकानेच सिद्ध करायचं, असा हा न्याय.

वस्तादांचा नातू: लवादाने हेच तपासलं की. कट शक्य आहे म्हणाले, पण तसं घडलं असण्याची शक्यता कमी. तज्ज्ञांचं मत पडलं की प्रमाण एखाद-दोन गोळ्या गिळल्यासारखं आहे, पाण्यात पूड कालवल्यासारखं नाही.

औषधवाली: मी मेडिकलमध्ये बसते म्हणून बोलते. क्रिकेटपटू पृथ्वी शॉ २०१९ मध्ये टर्ब्युटालीन या दम्याच्या औषधामुळे अडकला, खोकल्याच्या औषधातून गेलं म्हणाला. क्रिकेट बोर्डाने ते मान्य केलं, बंदी आठ महिने. असली सिरप आमच्याकडे रोज जातात. समोरचा पोरगा रणजी खेळतो की कारकून आहे, मला काय कळणार? आणि गंमत बघा, बंदी जुलैअखेर जाहीर झाली, पण मोजली १६ मार्चपासून. मधे आयपीएल खेळून झालं होतं! पैलवानाला कोणी असं मागून मोजून दिलं का?

वस्तादांचा नातू: ताई, दम्याचं औषध आणि स्टेरॉइड एका तराजूत नका घालू. पहिल्याला डॉक्टरच्या कागदावर आधी परवानगी मिळू शकते. दुसरं ताकद वाढवायलाच घेतात. पण मार्चपासून मोजण्याचं मलाही पटलं नाही. तेव्हा क्रिकेटवाले नाडाच्या हाताखाली नव्हते, त्याच ऑगस्टमध्ये आले.

पीटी मास्तर: तुमचं ऑलिंपिक चालू द्या. भरतीच्या आदल्या रात्री मैदानाच्या कुंपणापाशी मी रिकाम्या सिरिंज उचलल्यात. एकोणीस वर्षांच्या पोराला विचारलं, काय टोचलंस? म्हणाला, "दम टिकतो सर." नाव माहीत नाही, किंमत माहीत. त्याला विकणारा संध्याकाळी त्याच चहाच्या टपरीवर बसतो. पोराची चार वर्षं जातील तेव्हा जातील, त्या माणसाची चार मिनिटं तरी गेली का?

लांगमोडी: हेच म्हणतोय! सापडतो तो मल्ल. देणारा कधी सापडत नाही.

वस्तादांचा नातू: मास्तर, देणाऱ्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. नियमावर मात्र मी ठाम आहे. आमच्याकडे सोमवारपासून बाटल्या कुलपात. किल्ली कोणाकडे राहणार यावरून अजून भांडण चालू आहे.

लांगमोडी: म्हणजे विश्वास तुमचाही नाही!