शब्दचर्चा : ‘रिअर व्हील ड्राइव्ह’ला मराठीत काय म्हणावं? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माळवी मसुदा :
इंदूरच्या मराठी वाचकांसाठी मोटारींवरचा एक लेख तयार होतो आहे. विषय असा : हातात एकाच गाडीचे पैसे आहेत, तर मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घ्यावी की चारी चाकांवर चालणारी परफॉर्मन्स कार? पहिल्या मसुद्यातलं वाक्य असं आहे : ‘मागील-चाक-चालन असलेली क्रीडा मोटार घ्यावी की सर्व-चाक-चालन असलेली कामगिरी मोटार?’ हे वाचून कुणालाही गाडी डोळ्यांसमोर येत नाही. ‘चालन’ला पर्याय हवा. ‘ऑल व्हील’ आणि ‘फोर बाय फोर’ यांत फरक करणारे शब्दही हवेत. सगळं इंग्रजीच ठेवायचं असेल तर तसंही सांगा, पण कारणासह.

आस आणि तुंबा :
‘चालन’ आधी काढून टाका. ‘चालक चाके’ हा शब्द त्याहून वाईट, कारण मराठी माणसाला ‘चालक’ म्हटलं की स्टिअरिंगवर बसलेला माणूस दिसतो. ‘मागील चालक’ म्हणजे मागे बसलेला ड्रायव्हर असा अर्थ होईल.

‘चाकी’ प्रत्ययाचाही उपयोग नाही. दुचाकी, तीनचाकी, चारचाकी हे शब्द गाडीला चाकं किती आहेत ते सांगतात, इंजिनाचा जोर किती चाकांना जातो ते नाही. त्यामुळे ‘सर्वचाकी’ किंवा ‘चारचाकी चालन’ लिहिलंत, तर वाचक म्हणेल की चारचाकी तर ऑल्टोही आहे.

आपल्याकडे क्रियापदं तयार आहेत, ती वापरा. पुढची चाकं गाडी ओढतात आणि मागची रेटतात. बैलगाडीत बैल पुढे असतात म्हणून ‘ओढ’. गाडी चिखलात रुतली की माणसं मागून खांदा लावतात, तो ‘रेटा’. मोटारीतही बळ लागण्याच्या जागा त्याच आहेत. मग ‘मागच्या रेट्याची गाडी’, ‘पुढच्या ओढीची गाडी’ आणि ‘चारी चाकांना जोर असलेली गाडी’ असं म्हणता येईल. ‘ओढ’ला मनाच्या ओढीचाही अर्थ आहे, पण वाक्यात गाडी असली की घोटाळा होत नाही.

चौथा गिअर :
‘रेटा’ मला पटला, आणि तो फक्त कानाला बरा लागतो म्हणून नाही. गाडीनं वेग घेतला की वजन मागे सरकतं आणि मागची चाकं रस्त्यावर जास्त दाबली जातात. रेटणाऱ्या चाकांना याचा फायदा होतो, ओढणाऱ्यांना तोटा.

लेखात हा हिशेब घाला. पुढच्या आणि मागच्या आसांतलं (चाकांच्या दांड्यांतलं) अंतर २.६ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, उभ्या गाडीचं वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड मोजणारा आकडा) ०.९ धरा. पुढच्या ओढीची गाडी गुरुत्वत्वरणाच्या (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दरानं वाढतो त्याच्या) जास्तीत जास्त ०.३८ पट दरानं वेग वाढवू शकेल, मागच्या रेट्याची ०.५४ पट आणि चारी चाकांची ०.९ पट, अर्थात इंजिनात तेवढा दम असेल तर. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ वर आला की मागच्या रेट्याची मर्यादा ०.२८ होते आणि चारी चाकांची ०.५. कोरड्या रस्त्यावर मागच्या रेट्याला जेवढं जमतं, जवळपास तेवढं चारी चाकांची गाडी पावसात करते. ‘परफॉर्मन्स’वाले सिग्नलवरून सुटताना जे दाखवतात, ते सगळं याच आकड्यांत आहे.

पण त्याच परिच्छेदात हेही ठळक लिहा की ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारी चाकांना असतात. जोर चारी चाकांना आहे म्हणून गाडी कमी अंतरात थांबत नाही. खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात पहिल्या पावसाच्या चिकट डांबरावर, उतारावरचं वळण टायर आणि ब्रेकच सांभाळतात. ‘चारी चाकांची म्हणून सुरक्षित’ असं लिहू नका. ‘सुरक्षित’ऐवजी ‘सुटताना न घसरणारी’ म्हणा, तेवढंच खरं आहे.

देवासनाका :
‘फोर बाय फोर’ आहे तसाच ठेवा. ट्रकवाल्यांची ही पद्धत नीट समजावली तर वाचकाला पुढचं सगळं सोपं जातं. पहिला आकडा चाकांच्या एकूण जागांचा आणि दुसरा जोर मिळणाऱ्या जागांचा. जोडटायर असले तरी जागा एकच धरतात. फोर बाय टू म्हणजे चारांपैकी दोन, सिक्स बाय फोर म्हणजे सहांपैकी चार.

‘फोर बाय फोर’ आणि ‘ऑल व्हील’ यांतला फरक शब्दानं दाखवायचा असेल तर ‘आखडणे’ हे क्रियापद घ्या. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये लीव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात, मधे डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी गिअरांची जोडणी) नसतं. आता वळणाचं गणित बघा. आसांतलं अंतर २.४५ मीटर आणि मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येनं वळतो आहे, तर पुढच्या आसाचा मध्य साधारण ५.५७ मीटर त्रिज्येनं जातो. यू-टर्न पुरा होईपर्यंत मागचा १५.७ मीटर चालतो आणि पुढचा १७.५. जवळजवळ १.८ मीटरचा हा फरक कुठेतरी निघायला हवा. चिखलात टायर घसरून तो निघतो. कोरड्या डांबरावर टायर सोडत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी आखडते आणि लीव्हर परत निघत नाही. अशा वेळी जोर करून लीव्हर ओढू नये. चार-पाच मीटर सरळ मागे घ्यावी, पीळ उतरतो आणि लीव्हर सुटतो.

ऑल व्हीलमध्ये मधे डिफरेन्शियल किंवा क्लच असतो, तो हा फरक पचवतो. म्हणून ती डांबरावर कायम चालते.

माळवी मसुदा :
धन्यवाद, ‘आखडणे’ तर थेट घेते. आता दोन प्रश्न उरले. टॉर्कला, म्हणजे इंजिनाच्या फिरवणाऱ्या जोराला, ‘पीळ’ चालेल का? आणि ओव्हरस्टिअर (वळणावर गाडीचं बूड घसरणं), अंडरस्टिअर (तोंड घसरणं) यांचं काय करायचं?

आस आणि तुंबा :
ताई, ‘पीळ’ उत्तम आहे. शाफ्टला पीळ बसतो, दोरीला पीळ बसतो, क्रिया एकच. आकड्यासोबत मात्र ‘टॉर्क’ लिहा, कारण ५०० न्यूटन-मीटर टॉर्क हे जाहिरातीत आणि कागदपत्रांत तसंच छापलेलं असतं आणि वाचकाला ते ताडून बघता आलं पाहिजे. वर्णनात पीळ, मापात टॉर्क.

ओव्हरस्टिअरला ‘मागून सुटणे’, अंडरस्टिअरला ‘तोंड बाहेर जाणे’. दोन्ही बोलण्यातले आहेत आणि दोन्हींत चूक कुठल्या टोकाला होते ते लगेच कळतं. ‘अतिवळण’ आणि ‘न्यूनवळण’ वाचून ते कळत नाही.

चौथा गिअर :
सहमत. फक्त उपाय लिहिताना भाषा जपा. ‘घसरणीच्या दिशेनं स्टिअरिंग फिरवा’ हे वाक्य बऱ्याच ठिकाणी छापतात आणि ते धोक्याचं आहे, कारण घसरण कुणाची, तोंडाची की बुडाची, हे त्यात येत नाही. असं लिहा : बूड डावीकडे गेलं तर स्टिअरिंगही डावीकडे, आणि गाडी सरळ होऊ लागताच परत मधे. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा. पाय झटकन उचलला तर वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि सुटलेलं बूड पुरतं फिरतं. मागच्या रेट्याच्या गाडीत नवखा माणूस नेमका इथेच फसतो. तोंड बाहेर जाऊ लागलं तर उलट : ॲक्सिलरेटर थोडा कमी करायचा आणि स्टिअरिंग किंचित उघडायचं. घाबरून आणखी वळवलं तर पुढचे टायर आणखी घासतात, वळत मात्र नाहीत.

‘पकड’ हा शब्दही एकदा समजावून सांगा. एका टायरकडे पकडीची पुंजी ठरलेली असते. ती वळण्यात, ब्रेकमध्ये आणि जोर लावण्यात वाटली जाते. मागच्या रेट्यात पुढच्या टायरना जोर लावायचा नसतो, त्यांची पुंजी वळण्याला राहते. स्टिअरिंग हाताला मोकळं, बोलकं लागतं ते यामुळे. जोर चार ठिकाणी वाटला की एकेका टायरवरचा भार कमी होतो, पण वाटणीचं सामान गाडीत चढतं, साधारण ६० ते १०० किलो, आणि त्यातलं बरंच पुढच्या बाजूला. ‘वितरण’ नको, ‘वाटणी’च लिहा.

घाटवळण :
‘क्रीडा मोटार’ आणि ‘कामगिरी मोटार’ यांच्या जागी ‘चपळ’ आणि ‘दमदार’ वापरून बघा. नावं म्हणून स्पोर्ट्स कार, परफॉर्मन्स कार राहू द्या, गुण सांगताना ही विशेषणं. माझदा एमएक्स-५ चपळ आहे : १९८९ पासून मागचा रेटा, दोन माणसं, वजन ११०० किलोच्या आसपास. बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह दमदार आहे : ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर, चारी चाकांना जोर.

मात्र ‘मागचा रेटा म्हणजे चपळ’ असं समीकरण मांडू नका. बीएमडब्ल्यू एम२ला मागचाच रेटा आहे, इंजिन एम३४०आयसारखंच सहा सिलिंडरचं ३ लिटरचं, आणि वजन १७०० किलोच्या घरात. चपळाई कमी वजनातून येते, रेट्यातून तिला वळण मिळतं.

कंपन्यांच्या नावांनाही फसू नका. क्वाट्रो म्हणजे इटालियनमध्ये चार. १९८० च्या जिनिव्हा प्रदर्शनात आउडीनं ज्या गाडीला हे नाव दिलं, तिच्यात जोर कायम चारी चाकांना जात होता. आज त्याच बिल्ल्याच्या काही मॉडेलांत आडवं इंजिन आणि मागे क्लच असतो. एरवी पुढचीच चाकं ओढतात आणि गरज पडली की क्लच आवळून मागे जोर जातो. एम३४०आयच्या एक्सड्राइव्हमध्ये उलट : मूळ गाडी मागच्या रेट्याची, क्लच पुढे जोर पाठवतो. बिल्ला दोन्हींवर ‘सगळी चाकं’ सांगतो, पण हाताला गाड्या वेगळ्या लागतात. लेखात विचारायचा प्रश्न हा : क्लच सुटला तर जोर कुठल्या चाकांना उरतो?

देवासनाका :
घाटवळणभाऊंनी क्लच काढलाच आहे, तर जुनी गाडी घेणाऱ्यासाठी एक परिच्छेद द्या. सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो.

आधी टायर. चारी चाकांच्या गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. २२५/४५ आर १७ मापाच्या टायरचा घेर साधारण १९९३ मिलिमीटर भरतो. त्याची नक्षी ३ मिलिमीटर जास्त झिजली की घेर सुमारे १९ मिलिमीटरनं कमी होतो आणि ते चाक किलोमीटरमागे जवळपास ५ फेरे जास्त मारतं. दोन नवे टायर पुढे, दोन जुने मागे, असं करून इंदूरहून भोपाळ गाठलं की हजारभर फेऱ्यांचा फरक मधल्या क्लचनं सोसलेला असतो. तो तापतो, घासतो, त्याचं तेल काळं पडतं. सुबारूसारखी कंपनी चार टायरांच्या घेरात ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. एक टायर कापला गेला की चार घ्यावे लागतात ते म्हणून. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा.

मग क्लचचं तेल. हाल्डेक्स पद्धतीच्या कपलिंगमध्ये (गरजेला मागे जोर पाठवणाऱ्या क्लचमध्ये) ते लिटरभरापेक्षाही कमी असतं आणि गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं. क्लचच्या प्लेटांचा गाळ पंपाच्या जाळीत बसतो, पंपावर ताण येतो आणि तो जळतो. गाडी मग निमूटपणे पुढच्या ओढीची होते आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. सर्व्हिसच्या नोंदीत हे तेल दर दोन-तीन वर्षांनी बदललेलं दिसायला हवं, आणि बदलताना जाळी काढून धुतली का तेही विचारा. मोकळ्या जागेत, कोरड्या डांबरावर, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. चाकांत धक्के किंवा कुरकुर जाणवली तर वाटणीच्या सामानात बिघाड धरा.

मागच्या रेट्याच्या गाडीत रॅम्पवर चढवून लांब शाफ्ट बघा. मधल्या बेअरिंगचं रबर आणि टोकाचं गोल रबरी कपलिंग चिरलं असेल तर गाडी सुटताना ठोका येतो. मागच्या टायरांची आतली कड हात फिरवून तपासा, बाहेरून नक्षी दिसत असली तरी आत तारा निघालेल्या सापडतात. टायरच्या बाजूवरच्या अंडाकृती चौकटीतले चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष : २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा.

आणि ‘टोचन’ हा शब्द लेखात आलाच पाहिजे. चारी चाकांच्या गाडीला दोन चाकं उचलून टोचन लावू नये. खालची दोन फिरतात, वरची दोन थांबलेली असतात, आणि सगळा फरक क्लचवर येतो. ती सपाट ट्रकवर चारही चाकं वर घेऊनच न्यायची.

माळवी मसुदा :
वाक्य आता असं झालं आहे : ‘चपळ गाडी हवी, वळणावर हाताला सगळं कळायला हवं, पावसात पाय जपून टाकायची तयारी आहे, तर मागच्या रेट्याची गाडी घ्या, बाराही महिने तोच दम हवा, चार टायर एकदम बदलायची आणि क्लचच्या तेलाची तयारी आहे, तर चारही चाकांना जोर असलेली घ्या.’ ‘चारी’ की ‘चारही’, एवढंच ठरवायचं राहिलं आहे.

आस आणि तुंबा :
‘चारी’ म्हटलं की माझ्या कानाला चारांचा एक संच जाणवतो, ‘चारही’ म्हटलं की एकही न वगळता. तुमच्या वाक्यात ‘चारी’ करा. ‘चारही’ टायरांसाठी ठेवा, तिथे एकही वगळून चालत नाही. आणि क्लचवाल्या गाड्यांबद्दल लिहिताना ‘गरजेला चारी चाकांना जोर’ असं लिहा, कारण त्यांत तो सदोदित नसतो.